मागून सायकल यायलीय, हे चालणाऱ्याला कसं कळवायचं?

मागचंचाक | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला मला नऊ दिवस लागले. माझ्या सायकलचा धक्का लागून एक आजोबा पडले. चूक माझी होती, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. सायकल चालवायला लागून चार वर्षं झाली. रविवारी राजहंसगड, नाहीतर जांबोटी रोडनं किणयेपर्यंत. आठवड्यात मात्र रोज पहाटे तासभर आमच्या भागातल्या ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे पेव्हर घातलेली तीन मीटरची वाट. एका अंगाला घरांच्या कंपाउंडच्या भिंती, दुसरीकडं झाडं आणि बाकडी. चालणारे, पळणारे, सायकलवाले, सगळे त्याच्यावरच.

त्या दिवशी धुकं होतं. डिसेंबरातलं आपलं धुकं माहीत आहे तुम्हाला, दिव्याच्या खांबाखाली तेवढं पिवळं दिसतं आणि बाकी सगळं कापसासारखं. पुढं एक आजोबा चालले होते. कानटोपी, वरनं मफलर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात देवाच्या फुलांची कापडी पिशवी. माझा वेग २२ होता, मीटरवर बघितलेला आठवतो. वाट मोकळी होती, उजवीकडनं जाऊ म्हटलं. अगदी जवळ गेल्यावर घंटी वाजवली, दोन-तीन मीटरवर असेन. आणि आजोबा उजवीकडंच सरकले. भिंतीवरनं जास्वंदीची फांदी खाली आली होती, तिकडं जात होते की घंटीला दचकून तसे वळले, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

हँडल पिशवीच्या बंदात अडकलं. मी पुढं जाऊन आपटलो, ते जागेवरच बसले. पेव्हरवर सगळीकडं तगर आणि जास्वंद. मी उठून जवळ गेलो तर तेच मला विचारायलेत, "तुला लागलं काय रे?" त्यांच्या तळहाताची कातडी सोलून निघाली होती आणि त्यात वाळूचे कण रुतले होते. बाटलीतलं पाणी ओतून मी ते धुतलं. मनगट सुजलं होतं म्हणून दवाखान्यात नेलं, एक्सरे काढला. हाड शाबूत आहे.

चौथ्या दिवशी घरी भेटायला गेलो. हात बरा होता. पण आजी म्हणाल्या, "आता बाहेर पडंनात. परवा बाजारात मागनं गाडा आला तर भिंतीला चिकटून उभारले." मला रात्री झोप येत नाही ती या वाक्यानं. एक्सरेत न दिसणारं काहीतरी मी मोडलं.

नंतर बसून हिशोब केला. ताशी २२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सहा मीटर. काहीतरी दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे सहा मीटर तिथंच गेले. ब्रेक लागून थांबायला आणखी पाच. कोरड्या वाटेवर एकूण अकरा-बारा मीटर, आणि मी घंटी वाजवली तीन मीटरवर! ती घंटी आजोबांसाठी नव्हतीच. "मी वाजवली होती" म्हणायला मला मिळावी, एवढाच तिचा उपयोग. वेग १० असता तर चार मीटरमध्ये उभा राहिलो असतो.

सायकलवाले आणि चालणारे, दोघांनाही विचारतो. मागून यायलोय हे कसं कळवायचं, म्हणजे माणूस दचकणार नाही? किती लांबून? घंटी की आवाज? आणि काय म्हणायचं?

---

तुळशीकट्टा | सोमवार, रात्री १०.०२

खरं लिहिलंस ते बरं केलंस भाऊ.

मी ६७ वर्षांची. रोज सकाळी दोन मैत्रिणींबरोबर फिरायला जातो. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बेळगावात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, मी तसंच लिहितो.) आधी आम्ही व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली जायचो, आता गुडघ्यामुळं जवळचा ट्रॅक धरलाय.

चालणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. मागून सायकल आली की आधी काही ऐकू येत नाही. मग एकदम कानाजवळ 'झुप' होतं आणि वाऱ्याची झुळूक लागते. सायकलवाला तोवर पुढं गेलेला असतो. त्याला वाटतं धक्का लागला नाही म्हणजे काही झालं नाही. इकडं माझं काळीज धडधडत असतं, आणि पुढची पाच मिनिटं मी मान मागं वळवून वळवून चालतो. मान वळवून चाललं की पायाखालचं दिसत नाही. माझी मैत्रीण तशीच उचकटलेल्या पेव्हरला अडखळून पडली. तिथं सायकल नव्हतीच, ती कधीच गेली होती.

आमची चूकही लिहितो. आम्ही तिघी ओळीनं चालतो. बोलायचं असतं ना, सून, नातवंडं, दुखणी. तिघी ओळीनं चाललो की वाट भरली. मागून कुणी घंटी वाजवली की एक डावीकडं पळते, दोघी उजवीकडं, मग परत एकमेकींकडं. सायकलवाल्या पोराला कळंना कुठनं जावं. परवापासून दोघी पुढं आणि एक मागं असं चालून बघतोय. मागच्या बाईला बोलणं ऐकू येत नाही अशी तक्रार आहे, पण पाळी ठरवून घेतलीय.

---

पायवाट | सोमवार, रात्री १०.३०

माझं मत स्पष्ट आहे. जिथं म्हातारी माणसं आणि पोरं चालतात तिथं सायकल नकोच. व्यायाम करायचाय तर रस्ता आहे. गडावर जाणारा माणूस आहेस तू, तुला पेव्हरवर कशाला यायला हवं? आजोबांचं मनगट वाचलं ते नशिबानं.

---

उद्यमबागकर | मंगळवार, सकाळी ६.१५

पायवाट साहेब, तुमचा राग बरोबर आहे पण माझं जरा ऐका.

मी उद्यमबागात फाउंड्रीत कामाला. सायकल माझा व्यायाम नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून सायकल. पहिल्या शिफ्टला जाताना वाटेत एक ट्रॅक लागतो, अर्धा किलोमीटरचा. तेवढा सोडला तर बाकी सगळा रस्ता ट्रक, टेम्पो, वडाप आणि बसच्या मधनं. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, त्यांना मागचं लाइट नसतंय. माझ्या ओळखीचा एकजण तसाच गेला. त्या अर्ध्या किलोमीटरात मला श्वास घेता येतो. तिथनं पण मला काढलं तर मी जायचं कुठनं?

माझी सायकल साधी आहे, जुनी काळी. जोरात पळतच नाही. आमच्यासारखे कामावर जाणारे, दुधाचे कॅन लावून येणारे, वडगावातले कापडाच्या मागावर कामाला जाणारे, सगळे सावकाशच जातात. माझं निरीक्षण असं की, साध्या सायकलीचा आवाज येतो. मडगार्ड खडखडतं, चेन कुरकुरते, स्टँड हलतंय. माणसाला लांबनंच कळतंय. नव्या महागड्या सायकलीला आवाजच नाही. मांजरासारखी येते. जेवढी सायकल चांगली तेवढं चालवणाऱ्यानं जास्त कळवायला पाहिजे, असं मला वाटतं.

आणि ट्रॅकवर मोटारसायकली घुसतात त्यांचं काय? कालच एकजण सिग्नल चुकवायला आत आला, वर हॉर्न वाजवायलाय.

---

मागचंचाक | मंगळवार, सकाळी ७.४०

उद्यमबागकर दादा, मनापासून पटलं. माझ्या सायकलचं फ्रीव्हील पायडल मारताना अजिबात वाजत नाही. पायडल थांबवलं की कटकट आवाज येतो. आता माणूस दिसला की मी लांबूनच पायडल थांबवतो. वेगही उतरतो आणि आवाजही होतो.

पायवाट साहेब, तुमचं मीही मनात घेतलंय. वेगाचा सराव ट्रॅकवर करायचा नाही, हे ठरवून टाकलं. मोबाइलच्या अ‍ॅपवर आमच्या ट्रॅकचा एक टप्पा कुणीतरी लावला होता, कोण कमी वेळात पार करतो याची यादी लागायची. त्या यादीत माझं नाव वर होतं. धोक्याचा टप्पा म्हणून तो तिथं कळवलाय आणि माझ्या नोंदी काढून टाकल्यात. ग्रुपवरही तसं लिहिलं. दोघांना आवडलं नाही. चालेल.

---

पहाटधाव | मंगळवार, दुपारी १.२०

मी पळणारी. हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. आमच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पळणाऱ्यांचा वेग मधला असतो. चालणाऱ्यांच्या आम्ही मागून येतो आणि आमच्या मागून सायकल येते. त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या आम्ही खातो आणि दोन्हीकडच्या चुकाही करतो. माझी चूक म्हणजे इअरफोन. दोन्ही कानात गाणी लावून पळायचे. एकदा मागून सायकल यायला आणि मी वळसा घेऊन उलट फिरायला एकच गाठ पडली. थोडक्यात वाचले. तो बिचारा चार वेळा ओरडला होता म्हणे, मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून उजव्या कानात काही घालत नाही, कारण मागचा माणूस उजवीकडून पुढं जाणार. आणि उलट फिरायच्या आधी बाजूला घेऊन, थांबून, मागं बघते. पळताना थांबणं जिवावर येतं, घड्याळातली सेकंदं वाया जातात. तरी थांबते.

एक विनंती सायकलवाल्यांना: तो लुकलुकणारा पांढरा लाइट समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नका. रस्त्यावर ट्रकवाल्याला दिसायला तो ठीक. ट्रॅकवर त्यानं माझे डोळे दिपतात आणि तुमच्या शेजारी असलेलं कुत्रं, पोरगं, खड्डा काहीच दिसत नाही. लाइट लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा आणि चाकापुढच्या जमिनीकडं वाकवा. आम्हा पळणाऱ्यांनीही काळ्या टीशर्टवर अंधारात जाऊ नये, हे कबूल.

---

जुनीपरिचारिका | मंगळवार, रात्री ८.४५

कान-नाक-घशाच्या विभागात तीस वर्षं नोकरी केली, म्हणून थोडं सांगावंसं वाटतं.

वय वाढलं की ऐकू येणं कमी होतं. पण सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पक्ष्याची शीळ, घड्याळाची किणकिण, आणि नव्या सायकलींना बसवतात ती इवलीशी 'टिंग' घंटी. तुम्हाला वाटतं वाजली, आजोबांच्या कानापर्यंत ती पोचलेलीच नसते. त्यात कानटोपी आणि मफलर. त्या मानानं माणसाचा खालच्या पट्टीतला आवाज लवकर पोचतो. आमच्या लहानपणी सायकलीला मोठी 'ट्रिंग ट्रिंग' वाजणारी वाटीची घंटी असायची, ती बरी.

आणि कुठून आवाज आला हे ओळखायला दोन्ही कान सारखे लागतात. एका कानानं कमी ऐकू येत असेल तर आवाज नेहमी चांगल्या कानाच्या बाजूनं आल्यासारखा वाटतो. सायकल मागं असते, माणूस तिसरीकडंच बघतो. त्यामुळं आजोबा उजवीकडं का सरकले याचा फार शोध घेऊ नका. म्हातारा माणूस कुठंही सरकू शकतो हे धरूनच चालवा.

पडणं म्हणजे काय ते वॉर्डात बघितलंय. तरुण माणूस पडतो, झटकून उठतो. सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, महिनोन्महिने अंथरूण, वॉकर. कित्येकजणी परत पहिल्यासारख्या चालतच नाहीत. हाड नाही मोडलं तरी भीती बसते, भीतीनं चालणं सुटतं, चालणं सुटलं की पायातली ताकद जाते आणि मग माणूस खरोखरच पडतो. मागचंचाक, तुमच्या आजोबांना लवकर बाहेर काढा. एकटं नको, कुणीतरी बरोबर राहून.

---

चौथीभाषा | बुधवार, सकाळी ९.०५

काय ओरडायचं यावर कुणी लिहिलंच नाही, आणि आपल्या गावात तोच खरा प्रश्न आहे.

मी आधी "उजवीकडून!" म्हणायचो. दहातले पाचजण ऐकून उजवीकडंच सरकतात. 'उजवी' एवढाच शब्द डोक्यात शिरतो आणि पाय तिकडं जातात. "लेफ्ट, लेफ्ट" चं पण तेच.

---

सरळहँडल | बुधवार, सकाळी ९.४०

आम्ही "साइड, साइड" म्हणतो.

---

तुळशीकट्टा | बुधवार, सकाळी १०.१५

सरळहँडल, राग मानू नकोस, पण 'साइड' ऐकलं की आम्हाला 'व्हा बाजूला' असंच ऐकू येतं. बाजारात गाडीवाला ओरडतो तसं. वाट तुझी आणि आम्ही मधे आलो, असं. काका म्हण, मावशी म्हण, अण्णा म्हण, अक्का म्हण. एक शब्द जास्त लागतोय, पण ऐकणारा माणूस प्रेमानं सरकतो.

---

चौथीभाषा | बुधवार, दुपारी १२.३०

मावशी, पटलं. पण मागून बघताना समोरचा माणूस मराठी आहे की कन्नड की उर्दू बोलणारा, कळणार कसं? कॅम्पात एक, शहापुरात एक, सदाशिवनगरात आणखी एक. आपल्या गावात शब्द कुठल्या भाषेतला यावरनं माणसाचं मन दुखावतं, हे मी लहानपणापासून बघतोय. मला पहाटे कुणाचं मन दुखवायचं नाही.

म्हणून मी काय करतो सांगतो. सगळ्या भाषांत एक शब्द सारखा आहे: 'सायकल'. मराठीत सायकल, कन्नडात सायकल, हिंदी-उर्दूत साइकिल, कोंकणीत सायकल. लांबूनच शांत आवाजात "सायकल..." असं म्हणायचं. 'कल' जरा लांबवायचं, दारावर भाजीवाली हाक देते तसं. ही नुसती वर्दी. सरका म्हणत नाही, डावी-उजवी सांगत नाही. काय यायलंय ते माणसाला कळतं आणि तो आपापलं ठरवतो. जवळ गेल्यावर चेहरा बघून "नमस्कार अण्णा", नाहीतर "नमस्कार री". गेल्यावर "थँक्यू".

कन्नड बोलणारा ओळखीचा असेल तर "सायकल बंतु री" म्हणतो. सायकल आली हो, एवढाच अर्थ. एक आजी मला रोज "होगप्पा, होगु" म्हणून हात करतात. जा बाबा, जा.

---

मागचंचाक | बुधवार, रात्री ९.३०

चौथीभाषा, आज सकाळीच करून बघितलं! अंतर मोजायला लाइटचे खांब धरले. आमच्याकडं दोन खांबांत वीस-पंचवीस पावलं पडतात. एक खांब अलीकडनं "सायकल..." म्हटलं, पायडल थांबवलं, वेग दहावर आणला. अकरा माणसांना ओलांडलं. एकजण दचकला. नऊजण न वळता आपसूक डावीकडं झाले. आणि एका काकांनी काहीच केलं नाही, त्यांना ऐकूच आलं नाही. मी त्यांच्या मागनं चालण्याच्या वेगानं गेलो, वाट रुंद झाली तिथं लांबून वळसा घेतला. आधीच्या सवयीनं असतो तर त्यांच्या कानाजवळनं झुप्पकन गेलो असतो.

पूर्ण फेरीला पाच मिनिटं जास्त लागली.

---

दगडमाती | गुरुवार, सकाळी ११.००

माझा व्यवसाय सिव्हिल इंजिनिअरचा. वाट कशी आहे याचाही विचार हवा, सगळं माणसाच्या वागण्यावर ढकलून चालणार नाही.

एक माणूस चालताना साठ-सत्तर सेंटिमीटर जागा घेतो, हात हलतात ते धरून. सायकलच्या हँडलची रुंदीही तेवढीच, पण चालती सायकल थोडी डुलते, म्हणून तिला एक मीटर धरावा. तीन मीटरच्या वाटेत दोघेजण जोडीनं आणि एक सायकल बसते, मधे अर्धा-पाऊण मीटर उरतो. तिघी ओळीनं आल्या की काहीच उरत नाही. समोरून दुसरी सायकल आली की दोघींचंही गणित चुकतं. त्यात बाकडं, झाडाचा पार, लाइटचा खांब वाटेतच असेल तर तीनचे दोन मीटर होतात. नुसत्या चालणाऱ्यांच्या फूटपाथलाच इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) २०१२ च्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय. म्हणजे दोन मीटर उरले तिथं ती वाट चालणाऱ्यांची आहे असं समजावं आणि सायकलवाल्यानं खाली उतरून हातात धरून न्यावी. वीस पावलांचा प्रश्न असतो.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, तेव्हापासून फूटपाथ, सायकलट्रॅक हे शब्द घरोघरी गेले. ट्रॅक झाला की काम संपलं असं होत नाही. पेव्हर उचकटतात, मुळं वर येतात, आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस म्हणजे पेव्हरवर हिरवी साय. त्याच्यावर चालणाराही घसरतो आणि ब्रेक दाबला की सायकलचं चाकही. रिमब्रेक (चाकाच्या कड्यालाच घासणारा ब्रेक) असेल तर ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक धरतच नाही, आधी पाणी पुसलं जातं. पावसात तुमचे चार मीटर आठ होतात असं समजा. वळताना पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालू नका, ओला रंग साबणासारखा असतो.

मोटारसायकलींबद्दल: फूटपाथ किंवा सायकलट्रॅकवरून मोटारगाडी, मोटारसायकल चालवायला नियमांनी मनाई आहे, चर्चा करायचं कारण नाही. तोंडाशी दगडी खुंट लावताना मात्र मधे दीड मीटर सोडा. जवळजवळ लावले तर व्हीलचेअर अडकते, आणि दुधाच्या कॅनची सायकलही.

---

खानापूरची | गुरुवार, दुपारी ३.४०

आमच्याकडं ट्रॅक वगैरे काही नाही, रस्ताच आहे. तिथं आम्ही शाळेत शिकलो तसं उजवीकडनं चालतो, समोरची गाडी दिसावी म्हणून. बेळगावला मुलीकडं आले की ट्रॅकवरही सवयीनं उजवीकडनंच चालते आणि मग सगळे माझ्याकडं बघतात. तिथं डावीकडनं चालायचं काय?

---

दगडमाती | गुरुवार, संध्याकाळी ५.१०

होय ताई. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजवीकडनं, गाड्यांकडं तोंड करून. तुमची सवय बरोबरच आहे. पण ट्रॅकवर सगळेच एका वाटेनं, म्हणून सगळ्यांनीच डावीकडनं. ओलांडणारा उजवीकडनं जातो.

---

शाळकरीआई | गुरुवार, रात्री ९.५०

माझा मुलगा आठ वर्षांचा. गेल्या महिन्यात सायकलची बाजूची चाकं काढली. त्याला रस्त्यावर सोडायची हिंमत नाही, म्हणून ट्रॅक. तो सरळ जात नाही, नागमोडी जातो, मधेच थांबतो, किडा दिसला की उतरून बघतो. मोठ्या सायकलवाल्यांना मी हात जोडून सांगते, लहान चाक दिसलं की पायडल थांबवा. तो काय करेल ते मलाच माहीत नसतं.

एकदा एका तरुण मुलानं वेग कमी करून त्याला विचारलं, "तुझ्या सायकलला नाव काय?" तेव्हापासून सायकलचं नाव वाघ्या आहे. आणि तो आता प्रत्येकाला ओलांडताना "वाघ्या यायलाय" म्हणतो. सगळे हसून वाट देतात.

---

सरळहँडल | शुक्रवार, सकाळी ७.२०

कुत्र्यांचं काय करायचं? पट्टा लावलेलं कुत्रं एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला आणि मधे दोरी ताणलेली, असा प्रसंग माझ्यावर दोनदा आलाय. पहाटे ती दोरी दिसतच नाही.

---

उद्यमबागकर | शुक्रवार, सकाळी ७.५५

पट्टा आखूड धरायला सांगा, आणि कुत्रं स्वतःच्या डावीकडं. मोकाट कुत्रं मागं लागलं तर पळवू नका, माणसांच्या गर्दीत तर अजिबात नको. उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढं जा. पळणारं चाक थांबलं की त्याचा जोर जातो. पंधरा वर्षं रात्रपाळी करून शिकलोय हे.

---

पायवाट | शुक्रवार, रात्री १०.१०

मी सुरुवातीला कडक लिहिलं होतं. आज सकाळी ट्रॅकवर एक मुलगा मागनं "सायकल..." म्हणत आला. तो या धाग्यावरचा असेल नसेल. पण मी दचकलो नाही, हे लिहायला आलोय.

सकाळी सहा ते आठ, गर्दीच्या वेळेला, सायकली नकोत हे माझं मत अजून तसंच आहे. कामावर जाणाऱ्यांना सोडून.

---

मागचंचाक | रविवार, दुपारी १२.१५

पायवाट साहेब, तुमच्या मताचा मान राखून मी माझी वेळ बदलली. आता पाच ते सहा. तेव्हा ट्रॅक रिकामा असतो.

आज सकाळी सात वाजता आजोबांच्या घरी गेलो, सायकल न घेता. परिचारिका ताईंनी लिहिलं होतं म्हणून. आजी म्हणाल्या, आधी चहा घ्या. आजोबांनी चपला घातल्या, काठी घेतली, पिशवी घेतली, परत ठेवली, परत घेतली. शेवटी निघालो. मी त्यांच्या उजव्या हाताला, मागची बाजू माझ्याकडं.

पहिल्यांदा तिथं चाललो मी! चार वर्षांत कधी चाललोच नव्हतो. मागनं पहिली सायकल गेली तेव्हा माझाच खांदा आपोआप वर आला. आजोबांनी माझं मनगट धरलं, चांगलंच घट्ट. दुसरी सायकल आली ती दुधाच्या कॅनची, खडखडत, ती लांबनंच कळली. त्यांनी हात सोडला. मग त्या जास्वंदीच्या फांदीपाशी थांबलो. त्यांनी काठी माझ्याकडं दिली आणि फांदी वाकवून चार फुलं घेतली. फुलं घेताना मागं बघत नव्हते, कारण मी बघत होतो.

एका खांबापर्यंत जाऊन परत आलो. उद्या दोन खांबांपर्यंत म्हणालेत.

सायकलला जुनी मोठी वाटीची घंटी बसवून घेतली, गणपत गल्लीजवळच्या दुकानात मिळाली. आजोबांच्या दारातच वाजवून दाखवली. "ही ऐकू येतीया," म्हणाले.

---

तुळशीकट्टा | रविवार, दुपारी १.०५

उद्या किती वाजता निघणार? आम्ही तिघीही तिकडनंच येतो. आजोबांना म्हणावं, दोघी पुढं आणि एक मागं, तुम्ही मधे चाला.

---

मागचंचाक | रविवार, दुपारी १.२०

पावणेसातला, मावशी. आजींनी चहाला बोलावलंय तुम्हाला पण.